वाचकांचे प्रश्न : जुन्या लेसर शोचे आरसे आणि त्यांचा ॲम्प्लिफायर

प्रश्न : आमचा मंडप आणि रोषणाईचा घरगुती व्यवसाय आहे. वडिलांनी पूर्वी मुंबईहून लेसर शोचा एक वापरलेला संच आणला होता. त्याची लेसर नळी केव्हाच गेली आणि ॲम्प्लिफायरची पेटी २०१९ च्या महापुरात आमच्या तळमजल्याच्या खोलीत पाण्याखाली राहिली. आरसे हलवणारे दोन स्कॅनर मात्र माळ्यावर असल्याने वाचले. प्रत्येकाला दोनच तारा आहेत आणि लेबल पुसले गेले आहे. मल्टिमीटरवर रोध ४.२ ओहम दिसतो. एका मित्राच्या एलसीआर मीटरवर इंडक्टन्स ३.५ मिलिहेन्री भरला. घरातला स्टीरिओ ॲम्प्लिफायर जोडून लाल लेसर पॉइंटरवर पाहिले, तेव्हा वर्तुळे छान येतात. पण चौकोनाचे कोपरे गोल होतात, रेषेच्या टोकाला किरण थरथरतो, दहा-पंधरा मिनिटांत चित्र आक्रसते आणि भिंतीवर हव्या त्या जागी स्थिर ठेवता येत नाही. योग्य ॲम्प्लिफायर घरी बांधता येईल का? किती वॅटचा हवा? – एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपण रोध आणि इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा कॉइलचा गुण, मोजून कळवलेत, त्यामुळे अंदाजाने बोलण्याची वेळ आली नाही. या विषयावरच्या बहुतेक पत्रांत फक्त शेवटचा, वॅटचा प्रश्न असतो आणि त्याला खरे तर उत्तरच नसते.

दोन तारा म्हणजे आपला स्कॅनर ‘ओपन लूप’ पद्धतीचा आहे. आरसा प्रत्यक्षात कुठे पोहोचला हे ॲम्प्लिफायरला कळवणारा संवेदक त्यात नाही. आत एक रोटर, त्याभोवती चुंबक आणि कॉइल, आणि रोटरला मध्यावर परत आणणारी, पीळ खाणारी बारीक पोलादी दांडी असते. कॉइलमधून जितका प्रवाह जाईल तितका पीळ बसतो, आणि दांडीचा उलटा जोर त्या पिळाशी जिथे तोलला जातो तिथे आरसा थांबतो. जात जुनीच आहे. १८५८ साली अटलांटिक महासागराखालून टाकलेल्या पहिल्या तारेवरचे क्षीण संदेश वाचण्यासाठी विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी आरशाचा गॅल्व्हानोमीटर वापरला तो याच तत्त्वावर. आणि लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेत १९७३ साली ‘लेझेरियम’ सुरू झाले तेव्हा किरण नाचवण्याचे मूळ तत्त्वही हेच होते. मुद्दा एवढाच की आरशाचा कोन प्रवाहाच्या प्रमाणात बदलतो, व्होल्टेजच्या नव्हे. स्टीरिओ ॲम्प्लिफायर मात्र व्होल्टेज राखतो आणि प्रवाह किती जातो याची फिकीर करत नाही. आपल्या तीन तक्रारींचे मूळ स्टीरिओत आहे. चौथ्या, म्हणजे थरथरीच्या, तक्रारीचे मूळ वेगळे आहे, त्याकडे नंतर येतो.

आपल्याच आकड्यांनी हिशेब करू. ५० हर्ट्झला कॉइलचा एकूण विरोध सुमारे ४.३ ओहम भरतो, ३०० हर्ट्झला ७.८ ओहम आणि १,००० हर्ट्झला २२ ओहमांच्या पुढे जातो. व्होल्टेज तेवढेच ठेवले तर ३०० हर्ट्झला प्रवाह जवळजवळ निम्म्यावर आणि हजार हर्ट्झला पाचव्या हिश्श्यावर येतो. वर्तुळ एकाच वारंवारतेचे असल्याने ते सुबक दिसते. चौकोनाचा कोपरा उंच वारंवारतांनी घडतो आणि त्याच वाटेत गळतात, म्हणून तो गोल होतो. चित्र आक्रसते ते तांब्यामुळे. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे कॉइल २५ अंशांवरून ८५ अंशांवर गेली की रोध २३ ते २४ टक्क्यांनी वाढतो आणि त्या मानाने प्रवाह घटतो. चित्र जागेवर राहत नाही, कारण स्टीरिओच्या प्रवेशाशी (इनपुटला) असलेला कपॅसिटर स्थिर व्होल्टेज पुढे जाऊच देत नाही. गाण्याला ते चालते. किरण भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात धरून ठेवायचा असेल तर नाही.

म्हणून प्रवाह राखणारा ॲम्प्लिफायर बांधायचा. कॉइलचे एक टोक पॉवर आयसीच्या आउटपुटला आणि दुसरे एका छोट्या रोधातून ग्राउंडला जोडावे. त्या रोधावर पडणारे व्होल्टेज हेच प्रवाहाचे माप, आणि तेच आयसीच्या उलट्या प्रवेशाकडे (इन्व्हर्टिंग इनपुटकडे) परत न्यावे. रोध ०.४७ ओहमचा घेतला तर सरळ प्रवेशावर ०.४७ व्होल्ट दिल्यास बरोबर १ अँपिअर वाहतो, मग कॉइल थंड असो वा तापलेली. हा रोध सिमेंटचा, तार गुंडाळलेला घेऊ नये, कारण त्यालाही थोडा इंडक्टन्स असतो आणि मापच खोटे होते. ४.७ ओहमचे अर्ध्या वॅटचे दहा मेटल फिल्म रोध शेजारी शेजारी उभे करून समांतर डाग द्यावेत. दहा जणांत उष्णता वाटली जाते, किंमत नगण्य पडते आणि काम चोख होते. त्या दहांच्या टोकावरून उलट्या प्रवेशाकडे जाणारी तार वेगळी काढावी. ग्राउंडच्या जाड, प्रवाह वाहणाऱ्या पट्टीवरून ती उचलली की एका स्कॅनरची हालचाल दुसऱ्याच्या चित्रात डोकावू लागते.

आयसी म्हणून एलएम ३८८६ चालतो. तो मूळ ऑडिओसाठी असला तरी प्रवेशाचा कपॅसिटर गाळला की स्थिर व्होल्टेजही पुढे नेतो. त्याची एक खोड लक्षात ठेवावी : आठव्या पायातून ऋण पुरवठ्याकडे किमान अर्धा मिलिअँपिअर प्रवाह ओढला नाही तर तो ‘म्यूट’ अवस्थेत गप्प बसतो आणि नवखा माणूस आयसी जळाला असे समजून तो काढून टाकतो. उणे २४ व्होल्टांच्या पुरवठ्याला २२ किलोओहमचा रोध तिथे पुरेसा होतो. बाजारात या आयसीच्या नकला आहेत; संशयास्पद स्वस्त मिळाला तर घेऊ नये.

आता पुरवठा. इथे वॅट नव्हे, व्होल्ट मोजायचे. समजा कॉइलमधला प्रवाह ०.२ मिलिसेकंदात शून्यावरून १ अँपिअरवर न्यायचा आहे. इंडक्टन्ससाठी १७.५ व्होल्ट आणि रोधांसाठी ४.७ व्होल्ट, असे मिळून २२ व्होल्टांच्या थोडे वर लागतात. १८-०-१८ व्होल्टांच्या ट्रान्सफॉर्मरमधून ब्रिज आणि कपॅसिटरनंतर अधिक-उणे २४ व्होल्टांच्या आसपास मिळतात. आयसीतच दोनेक व्होल्ट अडकतात, म्हणजे हिशेब जेमतेम बसतो. म्हणून मी आपल्याला २०-०-२०, ३ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर सुचवीन. उद्यमनगरात मोटार वाइंडिंगची इतकी दुकाने असताना तो शहरातच गुंडाळून मिळायला हरकत नाही. त्याच दुकानात स्कॅनरची कॉइल मात्र उघडायला देऊ नये, कारण रोटर आणि चुंबक यांतली फट एकदा बिघडली की ती पुन्हा पूर्वीसारखी जुळवणे पंपाच्या मोटारीइतके सोपे नसते.

इतके केल्यावर आयसी बहुधा शिट्टी घालेल. ती ऐकू येईलच असे नाही, पण आयसी विनाकारण तापेल. कारण असे, की इंडक्टन्समुळे फीडबॅक, म्हणजे उलट्या प्रवेशाकडे परत जाणारे माप, मागे रेंगाळतो आणि दहा-पंधरा किलोहर्ट्झच्या टापूत सर्किट स्वतःशीच झोके घेऊ लागते. उपाय म्हणजे मापक रोधापासून उलट्या प्रवेशापर्यंतच्या तारेत १ किलोओहम घालावा, आणि आयसीच्या आउटपुटपासून त्याच प्रवेशाला ४७० किलोओहम व १०० पिकोफॅरड एकामागोमाग जोडून दुसरी वाट द्यावी. उंच वारंवारतेला फीडबॅक या वाटेने येतो आणि झोके थांबतात. ऑसिलोस्कोपचे टोक मापक रोधावर ठेवून चौकोनी लहर द्यावी. कडेशी लहरी उठत असतील तर ४७० चे ३३०, मग २२० असे उतरत जावे, कड फारच गोल झाली तर एक पायरी मागे यावे. आउटपुटपासून ग्राउंडला १० ओहम व ०.१ मायक्रोफॅरडची नेहमीची जोडीही द्यावी.

राहिली ती थरथर, आणि तिच्याबाबत आपली थोडी निराशा करणे भाग आहे, कारण प्रवाह राखणारा ॲम्प्लिफायर लावल्यावर ती आधी वाढेल. जुन्या काटेरी मीटरची दोन टोके प्रवासात तारेने जोडून ठेवण्याची पद्धत आपण पाहिली असेल. टोके जोडली की हलणारी कॉइल स्वतःच वीज निर्माण करून स्वतःला आवर घालते आणि काटा आपटत नाही. हाच प्रयोग स्कॅनरवर करावा : तारा मोकळ्या ठेवून आरशाच्या दांड्याला बोटाने हलका टिचका द्यावा आणि भिंतीवरचा ठिपका किती वेळ झुलतो ते पाहावे, मग तारा एकमेकींना जोडून पुन्हा पाहावे. स्टीरिओ ॲम्प्लिफायर कॉइलला जवळजवळ जोडलेल्या तारेसारखाच भासतो, म्हणून तो नकळत थोडा ब्रेक लावत होता. प्रवाहाचा ॲम्प्लिफायर तो ब्रेक काढून घेतो. काही स्कॅनरांत यासाठी दाट तेल किंवा ग्रीस भरलेले असे, आणि ते दशकांच्या साठवणीत सुकलेले असू शकते.

तेव्हा ॲम्प्लिफायरच्या आधी एक छोटा टप्पा लागतो, जो आरशाच्या नैसर्गिक झोक्याची वारंवारता संदेशातून वजा करतो. त्याला नॉच फिल्टर म्हणतात. ही वारंवारता शोधण्यासाठी साइन लहर अगदी थोड्या प्रवाहाने द्यावी आणि ५० हर्ट्झपासून हळूहळू वर न्यावी. भिंतीवरची रेषा जिथे एकाएकी फुगते तो आकडा टिपून ठेवावा. दोन्ही स्कॅनरांचे आकडे सारखे येत नाहीत, म्हणून दोन फिल्टर वेगवेगळे जुळवावे लागतात. टीएल ०७२ सारखा साधा ऑपॲम्प, चांगले फिल्म कपॅसिटर आणि बहुफेरी प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा बदलता रोध) यांवर हे काम होते. इतके करूनही चौकोनाचा कोपरा छापल्यासारखा धारदार येणार नाही. त्या पिढीचे शो वर्तुळे, वेटोळी आणि एकमेकांत गुंतणारी वलये यांवर उभे होते ते आवड म्हणून जितके, तितकेच स्कॅनरची प्रकृती ओळखून. फ्रान्सच्या लिसाजूंनी १८५७ साली स्वरकाट्यांना आरसे लावून भिंतीवर ज्या आकृत्या उमटवल्या, त्यांचेच ते वंशज. आपल्या स्कॅनरांकडून अक्षरे लिहवून घेण्यापेक्षा अशा आकृत्या काढून घ्याव्यात, त्यात ते आजही देखणे काम करतील.

पहिल्यांदा चालू करताना पुरवठ्याच्या वाटेत ६० वॅटचा सिरीज बल्ब ठेवावा आणि स्कॅनरच्या जागी ४.७ ओहम, २५ वॅटचा रोध लावून सर्व तपासावे. याबाबतचा माझा धडा महाग होता. एकदा मापक रोधावरून येणाऱ्या तारेचा डाग कच्चा राहिला. वरवर तो चकचकीत दिसत होता, पण आत तार सैल होती. नाटकाच्या तालमीच्या वेळी ती सुटली, आयसीला प्रवाह शून्य वाटू लागला आणि तो वाढवण्यासाठी त्याने होते नव्हते ते सगळे व्होल्टेज कॉइलवर ओतले. वार्निश जळाल्याचा वास आला तेव्हा मी दुसऱ्या टोकाला दिवे लावत होतो. हात पोहोचेपर्यंत स्कॅनर गेला. आपल्या आकड्यांनी मोजले तर अशा वेळी साडेचार अँपिअरांच्या वर प्रवाह आणि कॉइलमध्ये ९० वॅटच्या आसपास उष्णता होते, जी नेहमीच्या कामात ४ वॅटच्या घरात असते. म्हणून आउटपुट आणि कॉइल यांच्यामध्ये १ अँपिअरचा झटपट जाणारा फ्यूज घालावा. फ्यूजला स्वतःचा थोडा रोध असतो, पण प्रवाह राखणाऱ्या सर्किटात त्याने चित्राला काहीच फरक पडत नाही.

प्रश्न : शिरोली औद्योगिक वसाहतीत भंगारात निघालेल्या एका लेसर मार्किंग यंत्रातून मला दोन गॅल्व्हो (आरसे फिरवणारे स्कॅनर) मिळाले आहेत. प्रत्येकाला सहा तारा आहेत आणि दांडा बोटाने फिरवला तर तो मध्यावर परत येत नाही. वरच्यासारखाच ॲम्प्लिफायर यांना चालेल का? – एक आयटीआय विद्यार्थी, कसबा बावडा

उत्तर : केवळ तेवढाच चालणार नाही. दांडा परत येत नाही, याचा अर्थ आत पिळाची दांडी नाही. हा ‘क्लोज्ड लूप’ गॅल्व्हो आहे. नुसता प्रवाह दिला तर आरसा एका टोकाला जाऊन आपटेल. इथे स्प्रिंगचे काम सर्किटने करायचे असते. (काही मार्किंग यंत्रांत कार्बन डायऑक्साइड लेसर असतो; १९६४ साली तो शोधणारे कुमार पटेल हे जन्माने बारामतीचे आणि शिक्षणाने पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे.)

प्रथम तारा ओळखाव्यात. काही ओहम दाखवणारी जोडी कॉइलची. उरलेल्या चारांत मल्टिमीटरच्या डायोड स्थितीत एका जोडीवर सुमारे १.१ व्होल्ट दिसले तर ती अवरक्त एलईडी असण्याची शक्यता आहे. मोठा रोध घालून काही मिलिअँपिअर द्यावेत आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातून आत मंद जांभळट उजेड दिसतो का ते पाहावे. तसे असेल तर संवेदक प्रकाशाचा आहे : दांड्याबरोबर फिरणारी पाकळी दोन फोटोडायोडांवरचा उजेड कमीजास्त करते, दोघांच्या प्रवाहांतील फरक म्हणजे आरशाची जागा, आणि दोघांची बेरीज कायम राहील अशा रीतीने एलईडीचा उजेड सांभाळायचा. बेरीज सांभाळली नाही तर एलईडी तापताच चित्राचे माप बदलते. संवेदक कपॅसिटरच्या जातीचा निघाला तर त्याला उच्च वारंवारतेचा ऑसिलेटर लागतो, आणि मूळ सर्किट हाती आल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे.

जागा कळू लागली की हवी असलेली जागा आणि असलेली जागा यांतला फरक घेऊन तो वरच्याच प्रवाह-ॲम्प्लिफायरला द्यायचा. पण तेवढ्याने आरसा लक्ष्य ओलांडून पलीकडे जातो, परत येतो आणि झुलतच राहतो. म्हणून त्यातून आरशाचा वेग वजा करावा लागतो. वेग दोन मार्गांनी मिळतो : जागेच्या संदेशाचा बदल काढून किंवा कॉइलच्या प्रवाहाची बेरीज करत जाऊन. पहिला मार्ग हळू हालचालींत विश्वासू असतो, पण जलद हालचालींत गोंगाट वाढवतो. दुसरा नेमका उलट वागतो, म्हणून चांगल्या सर्किटांत दोन्हींचे मिश्रण असते. आरसा पळवायला फारसे डोके लागत नाही, सगळी कसरत तो थांबवण्यात आहे.

जोडणीची दिशा उलटी झाली तर सर्किट आरशाला लक्ष्यापासून दूर ढकलते. ते तपासण्यासाठी प्रवाहाची मर्यादा ०.३ अँपिअरवर ठेवून दांडा बोटाने किंचित हलवावा. त्याने बोटाला विरोध केला तर दिशा बरोबर, बोटाबरोबर पळाला तर तत्काळ बंद करून कॉइलच्या तारा उलटाव्यात. पुढची जुळवणी दोन अंशांच्या छोट्या चौकोनी लहरीवर करावी. वेगाचा प्रीसेट आधी वर ठेवावा आणि मग जागेचा हळूहळू वाढवावा. गॅल्व्होने बारीक शीळ घातली की विचार न करता वीज तोडावी. ती शीळ म्हणजे दांडा आणि आरसा काही किलोहर्ट्झवर पीळ खात असल्याची खूण असते, आणि काही सेकंदांत एकतर आरसा निखळतो किंवा कॉइल जाते. जुळवणी पूर्ण झाली का, हे लेसर शोवाल्यांच्या ‘इल्डा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या चाचणी-आकृतीवर पाहावे. तिच्यातले वर्तुळ मूळ आज्ञेत आतल्या चौकोनाच्या बाहेर डोकावणारे असते. गॅल्व्हो योग्य वेगाने धावत असेल तर ते नेमके आक्रसून चौकोनाच्या बाजूंना आतून टेकते. ते बाहेर राहिले तर जुळवणी अवाजवी ताणलेली आणि बाजूंपासून सुटले तर ढिली आहे. कोन मात्र आकृतीला नेमून दिलेलाच, ८ अंशांचा ठेवावा, नाहीतर या तपासणीला अर्थ राहत नाही.

प्रश्न : स्कॅनरचा एक आरसा फुटला आहे. काचवाल्याकडून तेवढा तुकडा कापून लावला तर? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : घरगुती आरशाची चांदी काचेच्या मागे असते, त्यामुळे पुढच्या पृष्ठभागाचा फिका आणि मागचा ठळक, असे दोन ठिपके पडतील. चांदी पुढच्या बाजूला असलेला आरसाच हवा. जुन्या झेरॉक्स यंत्रांत आणि स्कॅनरांत तसे लांब आरसे निघतात. ते कापडाने पुसू नयेत, फुंकणीने धूळ उडवावी. आरशाचे माप सांभाळावे हे त्याहून महत्त्वाचे, कारण फिरण्याचे जडत्व रुंदीच्या घनाने वाढते. लांबी आणि रुंदी दोन्ही दुप्पट केली तर ते सोळापट होते आणि जाडीही दुप्पट असेल तर बत्तीसपट. एक-दोन मिलिमीटर मोठा घेऊ, असा विचार करू नये. बसवताना आरसा दांड्याच्या मध्यरेषेवर यावा. आरसा एक अंश फिरला की किरण दोन अंश फिरतो, आणि १० मीटरवरच्या भिंतीवर आरशाची ०.१ अंशाची चूक साडेतीन सेंटिमीटरांची दिसते. किरणोत्सवाच्या दिवसांत मावळतीचा किरण अंबाबाईच्या गाभाऱ्यापर्यंत पोहोचतो की नाही, याची चर्चा करणाऱ्या जिल्ह्यात एवढ्याशा कोनाचे मोल अधिक सांगायला नको.

प्रश्न : असा संच दुरुस्त करून आमच्या मंडळाच्या विसर्जन मिरवणुकीत ट्रॉलीवर लावायचा आहे. ५ वॅटचा हिरवा लेसर मिळतो आहे. ॲम्प्लिफायर किती मोठा करावा लागेल? – एक कार्यकर्ता, मंगळवार पेठ

उत्तर : या कामासाठी ॲम्प्लिफायर सुचवणार नाही. ५०० मिलिवॅटच्या पुढचा लेसर चौथ्या, सर्वांत धोकादायक वर्गात मोडतो, आणि आपला तर त्याच्या दहापट आहे. किरण फिरत असतो तोवर तो प्रत्येक ठिकाणी क्षणभरच पडतो. फ्यूज गेला, तार निसटली किंवा ट्रॉलीला दणका बसला की आरसा थांबतो आणि पूर्ण ५ वॅट एका ठिपक्यात, कुणाच्या तरी डोळ्यावर स्थिरावतात. झटकन पापणी मिटायलाही सुमारे पाव सेकंद लागतो, तेवढ्यात दृष्टिपटल भाजून झालेले असते. आरसा थांबताच किरण बंद करणारे सर्किट बांधता येते, पण हलत्या ट्रॉलीवर, रस्त्याच्या दुतर्फा आणि गच्च्यांवर माणसे उभी असताना, त्याच्या भरवशावर मी राहणार नाही. आपल्या मंडळाला हौस असेल तर ५ मिलिवॅटच्या आतला लाल लेसर, शाहूपुरीच्या वाचकासारखे दोन जुने स्कॅनर आणि मंडपाच्या आत, लोकांच्या डोक्याच्या बऱ्याच वर बांधलेला पांढरा पडदा एवढे साहित्य जमवावे. ढोलाचा आवाज मायक्रोफोनने घेऊन एका स्कॅनरला आणि त्याच आवाजाची थोडी उशिरा येणारी लहर दुसऱ्याला दिली की पडद्यावर जे वेटोळे उमटते ते प्रत्येक ठोक्याला फुलते आणि मिटते. त्याचा आराखडा हवा असल्यास कळवावे, पुढच्या अंकात देता येईल.